टीडीएस कमी म्हणून पाणी सुरक्षित?
टीडीएस मीटरवर ९० असा कमी आकडा आला, म्हणजे नळाचं पाणी निर्धोक, असं कुणी म्हटलं तर ते पटत नाही. तो मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जंतू त्याला कळतच नाहीत. शुद्धीकरण केंद्रातून पाणी चांगलं निघतं हे मान्य. पण पुरवठा ठरावीक तासच असेल तर पाणी गेल्यावर पाइपातला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून पाणी आल्याआल्या पहिली बादली प्यायला भरूच नये.

त्यापेक्षा जंतू मारायला पाण्यात घातलेल्या क्लोरिनपैकी नळाशी किती उरलंय ते तपासा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नळाशी ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. ऑर्थोटोलिडिनचे (क्लोरिन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या रसायनाचे) थेंब टाकायचे आणि पिवळा रंग सोबतच्या पट्टीशी ताडून बघायचा (ते पाणी नंतर ओतून द्या, पिऊ नका). आमच्या इमारतीत थेट लाइनच्या नळाचं पाणी लगेच पिवळं झालं, गच्चीवरच्या टाकीचं मात्र तसंच राहिलं. टाकी उघडली तर तळाशी बोटभर गाळ आणि झाकणाला चांगली मोठी फट! महापालिकेकडे तक्रार करण्याआधी या दोन्ही नळांचं पाणी वेगवेगळं तपासून बघा.