इटलीतल्या जुन्या गावात एक उन्हाळा : तुमचे अनुभव लिहा

आठ दिवसांत रोम, फ्लोरेन्स, पिसा, व्हेनिस करून येणारे पुष्कळ आहेत. हा धागा त्यांच्यासाठी नाही. ज्यांनी जून ते ऑगस्टच्या दरम्यान एखाद्या जुन्या गावात निदान तीन-चार आठवडे बिऱ्हाड केलं, भाजी आणली, कपडे वाळत घातले, दुपारी खिडक्यांच्या झडपा ओढून अंधारात बसले, त्यांनी लिहावं. शेजारी कोण होतं? दुपार कशी काढलीत? पुन्हा गेलात तर काय वेगळं कराल?

सुरुवात मीच करते. मी महिनाभर पेरूजाला होते, परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठात इटालियन शिकायला. तिथे हे काम १९२१ पासून चालू आहे. गाव डोंगरावर, रेल्वे स्टेशन खाली, आणि वर चढणारे सरकते जिने चक्क एका किल्ल्याच्या पोटातून जातात. १५४० मध्ये मिठावरच्या करावरून पेरूजाने पोपविरुद्ध उठाव केला. तो मोडल्यावर पोप तिसऱ्या पॉलने बालियोनी घराण्याचे वाडे आणि आजूबाजूच्या गल्ल्या यांवर कमानी टाकून किल्ला उभारला. १८६० नंतर लोकांनी तो पाडला, पण तळातल्या गल्ल्या तशाच राहिल्या. विटांच्या भिंती, दारांच्या रिकाम्या चौकटी आणि भर जुलैत अंगावर येणारा ओलसर गारवा. दुपारी वर्ग सुटला की मी तिथेच एका उंबऱ्यावर बसून क्रियापदं पाठ करायचे. पेरूजाचा पाव अजून अळणी असतो. ते त्या मिठाच्या करामुळेच, असं आमची पाववाली ठामपणे सांगायची. पहिले चार दिवस मला तो घशाखाली उतरला नाही. शेवटच्या आठवड्यात दुसरा पाव नकोसा झाला होता.

सिएना, दोन महिने

मी तिथे जुनी कागदपत्रं बघायला गेलो होतो. खोली मिळाली ती ब्रूको, म्हणजे सुरवंट, या कोंत्रादात. कोंत्रादा म्हणजे आपल्याकडची पेठ. सिएनात असे १७ कोंत्रादे आहेत. गोगलगाय, साळिंदर, कासव, घुबड अशी त्यांची नावं. प्रत्येकाचं चर्च वेगळं, झेंडा वेगळा, ढोल वेगळे. गणपतीच्या दिवसांत पेठेत वाढलेल्या माणसाला तिथलं वातावरण समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की तिथे माणूस जन्मभर त्या कोंत्रादाचा असतो.

२ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओ असतो. चौकात माती अंथरून घोडे तीन फेऱ्या पळतात आणि दीड मिनिटाच्या आत सगळं संपतं. १७ पैकी १० कोंत्रादेच पळतात, खोगिराशिवाय. स्वार पडला आणि नुसता घोडा पुढे आला तरी जिंकलं. पण माझ्या लक्षात राहिले ते आधीचे चार दिवस. घोडे चिठ्ठ्या टाकून वाटतात, आणि आमच्या वाट्याचा घोडा गल्लीतल्या तबेल्यात आला तेव्हापासून अख्खी गल्ली हळू आवाजात बोलू लागली.

शर्यतीच्या दुपारी घोड्याला चर्चमध्ये नेतात. मी दाराशी उभा होतो. फरशीवर टापांचे चार-पाच ठोके, मग काहीच नाही. एवढी माणसं, पण खोकलासुद्धा नाही. पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला, "जा, आणि जिंकून ये." घोडा दाराबाहेर पडल्यावरच लोकांनी श्वास सोडला.

आदल्या रात्री रस्ताभर पंगत बसते आणि वाढायला कोंत्रादातली पोरं असतात. माझ्याही हातात पाण्याच्या बाटल्या दिल्या. घरमालकीणबाई सत्तरीच्या. मी त्यांना 'लेइ' म्हणायचो, म्हणजे तुम्ही. त्या रात्री ताट हातात देत त्या म्हणाल्या, "आता मला तू म्हण." त्यांच्या भाषेतही शब्द तोच आहे, 'तू'. माझी जीभ वळेना. मग लक्षात आलं, आपण आईला आणि आजीला तूच म्हणतो की. त्यानंतर अडलं नाही.

सुरवंट हरला. बायका रडत घरी गेल्या. बाईंनी रात्री जेवण केलं नाही, मीही केलं नाही.

चौकाच्या मध्यभागी उभं राहायला पैसे पडत नाहीत, पण तीन-चार तास उन्हात उभं राहावं लागतं आणि मधूनच बाहेर पडणं अवघड. लहान मुलांना नेऊ नका.

बोलोन्या, नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे तीन महिने

दुपारी काय केलं या प्रश्नाचं माझं उत्तर सोपं आहे. बाबागाडी ढकलली. बोलोन्यात रस्त्यांच्या कडेने छत असलेल्या कमानींचे ओटे आहेत, शहरभर मिळून सुमारे ६२ किलोमीटर. २०२१ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आले. माझी मुलगी त्या सावलीतच चालायला शिकली. सान लूकाच्या टेकडीवर जाणारी ६६६ कमानींची वाट मात्र बाबागाडीने करू नये. शेवटी पायऱ्या आणि खडा चढ आहे.

शाकाहारी लोकांसाठी : पियादिना आपल्या पोळीसारखी दिसते, पण जुन्या पद्धतीच्या कणकेत डुकराची चरबी असते. "सेन्झा स्त्रुत्तो?" असं विचारून घ्या, ऑलिव्ह तेलातली मिळते. आणि १५ ऑगस्टच्या आगेमागे धान्य-दूध भरून ठेवा. आमच्या वाण्याने शटरवर 'सुटीसाठी बंद' असा हाताने लिहिलेला कागद लावला तो तीन आठवडे.

लुक्का

थोडक्यात लिहिते. गावाभोवती सव्वाचार किलोमीटरचा तट आहे. तो इतका रुंद, की वर झाडं आणि सायकलची वाट. सकाळी साडेसहाला जा. गाडी भाड्याने घेतली असेल तर वेशीपाशी 'झेड-टी-एल' असा फलक बघा. परवान्याशिवाय आत गेलात की कॅमेरा नंबर टिपतो. आमचा दंड पाच महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर आला, वर गाडी देणाऱ्या कंपनीने वेगळी रक्कम कापली ती निराळीच. ते पैसे अजून सलतात.

मातेरा, निवृत्तीनंतर दोघंच, पाच आठवडे

वेरूळ पाहिलेल्याला कोरलेल्या दगडाचं नवल नाही. पण मातेराच्या सास्सींमध्ये, म्हणजे डोंगरात कोरलेल्या गुहा-घरांमध्ये, गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत कुटुंबं नांदत होती, खेचर आणि कोंबड्यांसकट एकाच खोलीत. १९५२ मध्ये कायदा करून सुमारे १५,००० माणसांना नव्या वस्त्यांत हलवलं. १९९३ मध्ये तीच जागा जागतिक वारसा झाली.

आमच्या बाकावर संध्याकाळी एक आजोबा यायचे. जन्म गुहेतला, शाळकरी वयात बाहेर पडलेले. एकदा त्यांनी खिशातून लाकडी शिक्का काढून हिच्या हातावर ठेवला. वर कोंबडा कोरलेला, खाली वडिलांच्या नावाची आद्याक्षरं. भट्टी सगळ्यांची एकच, म्हणून कणकेवर शिक्का उमटवून पाव पाठवायचे, म्हणजे आपला पाव आपल्या घरी येई. कोंबड्याची चोच झिजून गुळगुळीत झाली होती. त्यांचं घर आता हॉटेल आहे. आत जाऊन पाहिलंत का, असं हिने विचारलं. त्यांनी मान हलवली, शिक्का रुमालात गुंडाळला आणि उद्या टोमॅटो आणतो म्हणाले. आणले, दोन किलो.

मोन्तोने

ताई, तुम्ही पेरूजात महिनाभर होतात म्हणून मुद्दाम लिहितो. तिथून उत्तरेला, चाळीसेक किलोमीटरवर डोंगरमाथ्यावर मोन्तोने आहे. उंबेर्तिदेत मी सहा आठवडे होतो, तिथून टॅक्सी केली.

माझं आजोळ माणगावचं. माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, लहानपणापासून पाहिलेला. पळसगावचा मुलगा, मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक या हुद्द्यावर, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातून इटलीत लढायला आलेला. १० जुलै १९४४ रोजी इथेच, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगन चालली. ते सोडून बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले, बॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली. गोळ्या भरायला उसंत नव्हती, तेव्हा हातातली बंदूक उलटी धरून दोघांना लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोन्तोनेत २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं स्मारक झालं, सूर्यघड्याळाच्या रूपात.

मी मुद्दाम १० जुलैलाच गेलो. दुपारचे दोन, गल्ल्या रिकाम्या, सगळ्या झडपा बंद. खाली खोरं पिवळंधमक वाळलेलं. तिथून मामाला फोन लावला. माणगावला धो धो पाऊस होता, पत्र्यावरचा आवाज फोनमधून येत होता. मामा म्हणाला, "मोठ्याने बोल, ऐकू येत नाही." मी म्हणालो, "बोलत नाहीये मामा, नुसता उभा आहे." तो म्हणाला, "बरं, मग उभा राहा. मी फोन ठेवत नाही."