आई रडते, बाबा चिडतात. दोघांनाही नैराश्य असेल का?

प्रश्न: दादा गेल्यापासून आई (७०) वाती वळताना रडते. तिच्या गोळ्या सुरू झाल्या. बाबा (७४) रडलेच नाहीत. चहात साखर कमी म्हणून कप आदळतात, पहाटे तीनला गॅलरीत बसलेले असतात. सगळे म्हणतात, वय झालं. मला पटत नाही.

उत्तर १: माझ्या सासऱ्यांचं अगदी हेच होतं. नैराश्याचं निदान बायकांमध्ये जास्त होतं, पण आत्महत्या म्हाताऱ्या पुरुषांत जास्त. पुरुषांची उदासी बरेचदा चिडचिडीतून बाहेर पडते. त्यांना एकटं सोडू नका, ताई.

उत्तर २: डॉक्टरांकडे वयस्कांमधलं नैराश्य ओळखण्यासाठी १५ प्रश्नांची जीडीएस चाचणी असते. थायरॉईड, बी-१२ही तपासा. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन: १४४१६, मोफत.

प्रश्नकर्ती: काल गॅलरीत मी बाबांच्या शेजारी बसले. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "त्याची सायकल विकू नकोस." सोमवारची वेळ घेतलीये.