सहा महिन्यांचं 'युरोपदर्शन' आणि तिरपागडा यांचा पोटशूळ

खिडकीपाशी
परवा तिरपागडा यांनी 'एक्सचेंज सेमिस्टर: बापाच्या पैशाने युरोपदर्शन' असा धागा काढला. म्हणणं थोडक्यात असं: एक्सचेंजला, म्हणजे आपल्या विद्यापीठातर्फे एका सत्रापुरती परदेशी विद्यापीठात गेलेली ही मुलं सहा महिने हुंदडतात, दर शनिवारी प्रागचे फोटो टाकतात, परीक्षा नावापुरत्या देतात आणि परत आल्यावर 'मी जर्मनीत शिकले' म्हणून मिरवतात, नोकरीच्या बाजारात त्या कागदाला रद्दीचा भाव. तिथेच उत्तर लिहायला बसले, पण ते इतकं लांबलं की हा वेगळा धागा.

मी 2023 च्या उन्हाळी सत्रात ड्रेस्डेनला होते. प्रागचे फोटो टाकले, कबूल. अडीच तासांच्या आत गाडी पोचवते, न जाणाराच वेडा. आता फोटोत न आलेलं सांगते.

पहिल्याच दिवशी तास संपला आणि सगळा वर्ग बाकांवर बोटांची हाडं आपटायला लागला. मला वाटलं, मास्तरांवर चिडलेत की काय. मी वही छातीशी धरून दाराकडे बघत बसले. नंतर कळलं, टाळ्या वाजवण्याची ती तिकडची रीत.

दुसरं, तासाला बसणं आणि परीक्षेला बसणं या तिथे दोन निराळ्या गोष्टी आहेत. परीक्षेची नोंदणी आपली आपण, ठरलेल्या तारखेच्या आत करायची. माझ्या मजल्यावरच्या एका मुलाची तारीख एका दिवसाने हुकली. सत्रभर एकही तास न बुडवलेला मुलगा, पण तो विषय गेला तो गेलाच. रडून, भेटून, अर्ज करून काहीही झालं नाही.

तिसरं म्हणजे काम. सत्राला 30 ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट, घ्यायचे, एका क्रेडिटमागे 25 ते 30 तास धरलेले असतात. म्हणजे साडेसातशे ते नऊशे तास. शिवाय एका सेमिनारसाठी पंधरा पानी निबंध लिहिला. तो परत आला तेव्हा चौथ्या पानाच्या समासात पेन्सिलीने एकच ओळ होती: 'हे तुमचं मत की पुस्तकाचं?' माझ्या अख्ख्या शिक्षणात मला हे कुणी विचारलं नव्हतं. दोन दिवस त्या ओळीकडे बघत होते.

राहिला बापाचा पैसा. व्हिसासाठी तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (आधी भरायचं आणि महिन्याला ठराविकच काढता येणारं खातं) महिन्याला 934 युरो दाखवायचे होते, सहा महिन्यांचे 5604. ते वडिलांनीच भरले. पण शिकवणी फी तिकडे द्यावी लागली नाही, दोन विद्यापीठांच्या करारात ती माफ असते. आणि मे महिन्यापासून मी एका कॅफेत ताशी 12 युरोंवर कपबशा धुतल्या. मिनीजॉबची, म्हणजे तिकडच्या छोट्या अर्धवेळ कामाची, कमाईची मर्यादा तेव्हा महिन्याला 520 युरो होती, तिच्या आत राहून जमेल तेवढं कमावलं. तेव्हा 'बापाच्या पैशाने' म्हणताना जरा जपून.

रात्रपाळी
बाकं वाजवण्याला +1. मी तर पहिल्यांदा उठून बाहेर पळालो होतो, भूकंप समजून.

तिरपागडा
माझ्यावर आख्खा धागा! आभारी आहे.

मुद्द्याचं बोलू. मी तिथे दोन वर्षं काढून पदवी घेतलीय. पदवीवाल्याला शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो. एक्सचेंजवाल्याला पदवी त्या विद्यापीठाची मिळत नाही, म्हणून हा परवानाही नाही. सत्र संपलं, चंबूगबाळं आवरा. मग 'युरोपात शिकायला आणि काम करायला जा' अशा जाहिरातींत एक्सचेंज कशाला घुसडतात? कपबशा धुणं म्हणजे युरोपातला कामाचा अनुभव नव्हे. कपबशा मीही धुतल्या आहेत, बायोडेटात लिहिल्या नाहीत.

आता एक सरळ प्रश्न. तुमच्या त्या 30 क्रेडिटांपैकी परत आल्यावर किती धरले गेले? नऊशे तासांचा हिशेब नंतर बघू.

खिडकीपाशी
18. आणि ती चूक विद्यापीठाची कमी, माझी जास्त. तिथे गेल्यावर दोन विषय बदलले आणि लर्निंग अॅग्रीमेंटवर (तिकडचे कुठले विषय इकडे धरायचे त्याचा कागद) नव्याने सह्या घ्यायच्या राहिल्या.

तिरपागडा
18! धन्यवाद. आता मी काही बोलत नाही.

सहावा मजला
तुमचे 18 तरी धरले. माझी कर्मकथा ऐका.

जर्मनीत 1.0 म्हणजे सर्वोत्तम, 4.0 ला काठावर पास आणि 5.0 म्हणजे नापास. मला एका विषयात 1.3 आणि दुसऱ्यात 1.7 मिळाले. गुणपत्रक घेऊन ऐटीत आमच्या परीक्षा विभागात गेलो. तिथल्या बाईंनी चष्मा वर केला, कागद उलटापालटा केला आणि शांतपणे म्हणाल्या, "दहापैकी ना? मग दोन्हीत नापास आहेस." मी म्हटलं, मॅडम, तिकडे उलटं असतं. त्या म्हणाल्या, "नापास झालेले सगळे असंच म्हणतात."

सात महिने! तिकडून एक पत्र आणलं. ते जर्मनमध्ये आलं म्हणून परत इंग्रजीत मागवलं. मग समितीची बैठक. समितीतले एक सर रजेवर. शेवटी धरले, पण कसे? दोन्ही विषयांत नुसतं 'उत्तीर्ण', गुण नाहीत. सरासरीत त्यांचा काडीचा उपयोग नाही.

तेव्हा तिरपागडा यांच्या बाजूने माझं अर्धं मत. उरलेलं अर्धं त्या बाईंच्या विरोधात.

अर्धविराम
इथे तीन गोष्टींची खिचडी होतेय, निवडतो. दोन विद्यापीठांमधला थेट करार ही एक: फी माफ, बाकी खर्च आपला. दुसरी इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या योजनेतली युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीची देवाणघेवाण. तिथे महिन्याला 800 ते 900 युरो मिळतात, पण तुमच्या विद्यापीठाचा तसा प्रकल्प चालू असेल तरच. तिसरी इरॅस्मस मुंडुस. ती एक्सचेंज नव्हेच. ती किमान दोन देशांत फिरून मिळणारी पूर्ण पदवी आहे, शिष्यवृत्ती महिन्याला 1400 युरो. खिडकीपाशी पहिल्यातल्या. तिरपागडा तिघांना एकाच काठीने हाणतायत.

आणि सहावा मजला, तुमच्या बाईंवरून आठवलं. सोफिया कोर्राडी नावाच्या इटालियन बाई 1950 च्या दशकात अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण घेऊन रोमला परतल्या. तिथल्या विद्यापीठाने ते शिक्षण धरायला साफ नकार दिला. तो राग बाईंनी जन्मभर जपला, वर्षानुवर्षं कुलगुरूंच्या आणि मंत्रालयांच्या मागे लागल्या, आणि 1987 मध्ये इरॅस्मस सुरू झालं: पहिल्या वर्षी 11 देश, 3244 विद्यार्थी. इटलीत त्यांना 'मम्मा इरॅस्मस' म्हणतात. म्हणजे हा सगळा डोलारा परीक्षा विभागातल्या एका खिडकीवरच्या अपमानावर उभा आहे.

सहावा मजला
मग आमच्या बाईंनाही एखादी योजना सुरू केल्याचं श्रेय मिळायला हवं.

टाचणी
क्रेडिटं, परवाने सगळं ठीक. त्या रुंडफुंकबद्दल कुणी बोलणार आहे की नाही?

नवीन लोकांसाठी: जर्मनीत टीव्ही-रेडिओचं शुल्क दर घरामागे महिन्याला 18.36 युरो. टीव्ही नसला तरी, रेडिओ नसला तरी. नगरपालिकेत पत्ता नोंदवलात की नाव आपोआप त्यांच्याकडे पोचतं. नावात 'रुंड' आहे तिथेच सावध व्हायला हवं होतं. मी एक्सचेंजला होते, भाषा येत नव्हती. पत्र आलं, जाहिरात समजून कागदाच्या डब्यात टाकलं. मग दुसरं, तिसरं. सहा महिन्यांसाठी आलेल्या मुलीकडून कसले रेडिओचे पैसे? लूट आहे नुसती. नाही भरले, परत आले, विषय संपला.

रात्रपाळी
आमच्या होस्टेलात तर मजल्यावरच्या बाराही जणांना वेगवेगळी पत्रं आली होती. 12 खोल्या, टीव्ही एक, तोही बंद.

अर्धविराम
कारण खोलीचं दार सामायिक बोळात उघडत असेल तर ती खोली म्हणजेच स्वतंत्र घर धरतात. डब्ल्यूजीत, म्हणजे काही जणांनी मिळून घेतलेल्या घरात, राहिलात तर अख्ख्या घराला एकच शुल्क, चौघांत वाटलं तर माणशी 4.59.

तिरपागडा
टाचणीबाई, 'विषय संपला' का? तुमच्यासाठी संपला.

मी ज्या खोलीत राहायला गेलो तिथे आधी एक एक्सचेंजची मुलगी होती. आपल्याकडचीच. ती गेली, ना पत्ता रद्द केला, ना रुंडफुंकला कळवलं. पत्रपेटीवरचं नाव मी खरवडून काढलं तरी तिची पत्रं वर्षभर येत होती. आधी पांढरी, मग पिवळी पाकिटं. जर्मनीत राहिलेल्यांना पिवळं पाकीट म्हणजे काय ते माहीत आहे: कायदेशीर नोटीस. एकदा वसुलीवाला दारात उभा. मी पासपोर्ट दाखवून सांगतोय की ही मी नव्हे, मी पुरुष आहे! वर्ष संपताना माझ्या मित्रासाठी शेजारची खोली मागितली, तर घरमालक म्हणाला, तुमच्या देशातले नकोत, टपालाचा त्रास होतो.

तुम्ही वाचवलेले शंभर युरो आम्ही असे भरतो.

टाचणी
ती मी नव्हतेच! कुणाचा राग कुणावर काढताय? आणि घरमालक वंशवादी निघाला त्याचं खापर 18 युरोंवर? नवल आहे.

तिरपागडा
तुम्ही नसाल. तुमच्यासारखीच कुणीतरी होती. 'नाही भरले, परत आले' हे वाक्य ज्या थाटात लिहिलंय ना, तोच थाट.

टाचणी
थाट काढू नका. दोन वर्षं काढली म्हणजे तुम्ही जर्मनीचे जावई झालात का?

रात्रपाळी
धाग्याचं आकाशवाणी केंद्र झालेलं आहे. चालू द्या.

दौतटाक
मी 'बाप' या पक्षाकडून बोलतो. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी एक्सचेंजवर गेला होता. पैसे माझेच होते आणि त्यातले काही दर्शनातच गेले, हे मला ठाऊक आहे. त्याचं दुःख नाही.

दुःख वेगळंच. परत आल्यावर दार उघडलं, तर स्वारी म्हणते, बाबा, मला आधी कचऱ्याचे डबे दाखवा. कागद वेगळा, प्लास्टिक वेगळं, काच वेगळी. हा मुलगा आयुष्यात स्वतःचं ताट उचलत नव्हता! महिनाभर घरात त्याने आमची परीक्षा घेतली. आता ते वेड ओसरलं, ताट मात्र अजून उचलतो. तेवढ्यासाठी इतके युरो जास्त झाले असं त्याच्या आईला वाटतं. मला तसं वाटत नाही, पण हे मी तिला सांगितलेलं नाही.

तिरपागडा, तुम्ही चिडलात ते पत्रांवरून असं मला वाटत नाही. अजून काही असेल तर बोलून टाका.

तिरपागडा
काका, विचारलंत म्हणून सांगतो.

मी ऑक्टोबरात पोचलो तेव्हा विद्यार्थी वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत माझं नाव कुठल्या कुठे होतं. अडीच महिने मित्राच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपलो. तेही चोरून, कारण पाहुणा किती दिवस ठेवायचा याला नियम होता. सकाळी साडेसहाला गादी गुंडाळून कपाटामागे. त्याच इमारतीत एक्सचेंजवाल्यांसाठी खोल्या राखीव. त्यांना स्टेशनवर घ्यायला माणूस यायचा, हातात किल्ली द्यायचा, वर कागदी पिशवीत नकाशा आणि पेन. मी जिन्यात उभा राहून बघायचो. सहा महिन्यांसाठी आलेल्याला खोली, आणि दोन वर्षांसाठी आलेला कपाटामागे गादी लपवतोय.

हे तर्कशुद्ध नाही, मला कळतं. म्हणून मूळ धाग्यात लिहिलं नव्हतं.

खिडकीपाशी
हे लिहिलं असतंत तर मी हा धागा काढलाच नसता.

मला ती पिशवी मिळाली होती. पेन अजून आहे.

खोलीचं तुमचं बरोबर आहे. करारात यजमान विद्यापीठावर आमची सोय बघायची जबाबदारी असते, पदवीवाल्यांना कुणी वाली नसतो. पण त्याचा राग किल्ली घेणाऱ्यावर का? कोटा ठरवणाऱ्यावर काढा. आणि परवान्याचंही मान्य. नोकरीची वाट म्हणून कुणी एक्सचेंजला जात असेल तर त्याने जाऊ नये. मी तसं म्हटलंच नव्हतं, पण तुम्ही जिंकलात असं समजा, बरं वाटेल.

तिरपागडा
वाटलं. 'युरोपदर्शन' शब्द मागे घेतो. 'बापाच्या पैशाने' राहू दे, काकांनीच कबूल केलंय. आणि ती समासातली ओळ... आमच्या मास्तरांनीही मला जवळपास असंच विचारलं होतं, पहिल्या सत्रात. असो.

पाऊलखुणा
उशिरा आले. येत्या एप्रिलला जातेय, 30 क्रेडिटांचं लर्निंग अॅग्रीमेंट झालंय. इतकं वाचून भीती वाटायला लागली. नेमकं काय सांभाळू?

सहावा मजला
तिकडे विषय बदललात की त्याच आठवड्यात दोन्हीकडच्या सह्या. तोंडी 'हो' चालत नाही. निघण्याआधी तुमच्या परीक्षा विभागाकडून गुण कसे बदलणार ते लेखी घ्या, आणि त्या कागदावर '1.0 सर्वोत्तम' हे मोठ्या अक्षरात लिहून घ्या. हसू नका.

अर्धविराम
परत निघताना नगरपालिकेत पत्ता रद्द करा, त्याचा दाखला घ्या, आणि तो दाखला रुंडफुंकला वेगळा पाठवा. पत्ता रद्द केल्याने ते शुल्क आपोआप बंद होत नाही. येताना नाव आपोआप पोचतं, जाताना नाही.

टाचणी
काल रात्री जुन्या मेलमध्ये ग्राहक क्रमांक सापडला. सहा महिन्यांचे 110 युरो 16 सेंट आणि वर उशिराचा दंड, सगळं भरलं. कुणाच्या बोलण्यावरून नाही, झोप लागेना म्हणून. आता तरी ते पिवळं पाकीट माझ्या नावावर घालू नका.

तिरपागडा
पावती टाका.