शब्दचर्चा : 'लॉबिंग' म्हणजे रदबदली, पाठपुरावा की निवेदन?

उपकलम : छोट्या व्यावसायिक संघटनेच्या घटनेचा मराठी मसुदा चालू आहे. त्यात एक वाक्य असे : 'संघटना सभासदांच्या हितासाठी पारदर्शक लॉबिंग करील.' 'लॉबिंग'साठी तीन पर्याय समोर आहेत : रदबदली, पाठपुरावा, निवेदने देणे. यातला कोणता घ्यावा? आणि 'पारदर्शक'ऐवजी 'खुले' चालेल का?

कोशकीडा : तिन्ही शब्द तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

'रदबदली' म्हणजे दुसऱ्यासाठी मध्ये पडून बोलणे. अर्थ जवळचा आहे, पण वापर बहुतेक एकाच माणसाच्या कामापुरता : कुणाची बदली रोखायला, कुणाची शिक्षा माफ करायला. नियम बदलण्यासाठी कोणी रदबदली करत नाही. शिवाय हा शब्द 'वशिल्या'च्या शेजारी राहतो, त्यामुळे घटनेत आला की वाचणाऱ्याची भुवई वर जाणारच.

'निवेदन' हा एक कागद आहे, सगळी कृती नव्हे. 'पाठपुरावा' म्हटले की आधी काहीतरी मागून झालेले असते आणि आता त्याच्या मागे लागायचे असते. मुळात मागायचे काय, हे ठरवण्याचा भाग त्यात येत नाही.

आणखी एक अडचण. मराठी वृत्तपत्रांत 'लॉबिंग' बहुधा 'मंत्रिपदासाठी लॉबिंग', 'उमेदवारीसाठी लॉबिंग' असे येते, म्हणजे मोर्चेबांधणीच्या अर्थाने. 'लॉबी' म्हणजे तर थेट दबावगट. इंग्रजीत कायद्यावर, धोरणावर प्रभाव टाकणे हा मुख्य अर्थ आहे, तो मराठीत मागे पडला. शब्द तसाच ठेवलात तर व्याख्या द्यावीच लागेल.

(जाता जाता : अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट यांना हॉटेलच्या लॉबीत लोक गाठायचे, त्यावरून हा शब्द आला, ही गोष्ट खोटी आहे. ग्रँट अध्यक्ष झाले १८६९ साली. शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून छापात आहे. सभागृहाबाहेरच्या ज्या दालनात सामान्य माणसाला प्रतिनिधी भेटत, त्याच्यावरून तो आला.)

तळटीप : 'जनवकिली' कसा वाटतो? सामाजिक संस्थांच्या मराठीत चांगला रुळलाय.

ठरावबुक : इथे नको. जनवकिलीत ज्याच्यासाठी बोलायचे तो स्वतः बोलू शकत नाही किंवा त्याचे कोणी ऐकत नाही, असे गृहीत असते. व्यावसायिक संघटना आपल्याच वर्गणीदार सभासदांसाठी बोलते. परवान्याचे शुल्क कमी करा, ही मागणी रास्त असेलही, पण ती जनवकिली नव्हे. स्वहिताला लोकहिताचे नाव दिले की पारदर्शकता तिथेच संपते. भूमिकापत्रात 'या बदलाने आमच्या सभासदांचा फायदा काय, आणि कोणावर बोजा पडेल' अशी दोन सरळ वाक्ये घालावीत. ती लपवली तर विरोधी बाजू शोधून काढतेच, आणि मग उरलेल्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास जातो.

कोशकीडा : इतर देशांचे कायदे शब्द कसे निवडतात, तेही बघण्यासारखे आहे. जर्मनीचा लॉबी-नोंदवहीचा कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. नावात 'लॉबी' आहे, पण कृतीसाठी आतला शब्द शब्दशः 'हितप्रतिनिधित्व' असा आहे. फ्रान्सच्या कायद्यातही 'हितप्रतिनिधी'च. कॅनडात १९८९ साली लागू झालेल्या कायद्याच्या नावात लॉबी करणाऱ्यांची नोंदणी होती. २००८ पासून नावात नुसते 'लॉबिंग' उरले. रोख व्यक्तीवरून कृतीवर आला. मला हा फरक मोलाचा वाटतो. माणूस पगारी आहे की मानद हे विचारण्याआधी, त्याने काय केले हे विचारायला हवे.

उपकलम : 'हितप्रतिनिधित्व' अचूक आहे, पण सभेत मोठ्याने म्हणून पाहा, जीभ अडखळते. आणि 'हितसंबंध' शब्दामुळे 'हित'लाही वास लागलाय.

ठरावबुक : अडखळू दे, घटनेत बोलीभाषा लागत नाही. खरा घोटाळा नामात नसून 'पारदर्शक' या विशेषणात आहे. 'खुले' म्हणजे दार उघडे : कोणीही यावे, बघावे. 'उघड' म्हणजे लपवलेले नाही. 'पारदर्शक' म्हणजे जो त्या वेळी खोलीत नव्हता, त्यालाही नंतर आरपार दिसले पाहिजे. ते नोंदीशिवाय होत नाही. चार पत्रकारांसमोर मंत्र्यांची भेट घेतली तर ती उघड झाली. मागणी काय केली ते कुठेच लिहिले नसेल, तर पारदर्शक मात्र झाली नाही.

नोंदीत इतके तरी हवे : तारीख, कोणाला भेटलो (नाव आणि पद), आपल्याकडून कोण होते, कोणत्या कायद्याचे किंवा नियमाचे कितवे कलम, मागणी एका वाक्यात, दिलेल्या कागदाची प्रत, खर्च किती आणि कोणी केला. छोट्या संघटनेला यासाठी साधा तक्ता पुरतो. भेट झाली की दोन दिवसांत भरायचा. महिन्याने भरायला बसले की फक्त 'सकारात्मक चर्चा झाली' एवढेच आठवते.

बिघडते ते ठरावीक जागी. एक, 'सदिच्छा भेट'. पुष्पगुच्छ दिला आणि निघताना शुल्काचा विषय काढला, तर ती सदिच्छा भेट राहिली नाही, नोंद करा. दोन, दुहेरी टोपी. अध्यक्ष संघटनेच्या नावाने भेट मागतात आणि आत गेल्यावर स्वतःच्या फर्मची फाइल काढतात. म्हणून एकट्याने भेटू नये, किमान दोघे असावेत. तीन, पैसा. अभ्यास-अहवाल एखाद्या मोठ्या सभासदाने किंवा पुरवठादाराने पुरस्कृत केला असेल तर पहिल्याच पानावर तसे लिहावे. चार, मोबाइलवरचे संदेश. अधिकाऱ्याला पाठवलेला मसुदा हासुद्धा संपर्कच आहे. पाच, आकडा. 'आमचे हजारो सभासद' असे लिहू नये. त्या वर्षी वर्गणी भरलेल्यांचीच संख्या द्यावी.

तळटीप : आणि ठराव? भूमिका संघटनेची की कार्यकारिणीतल्या तिघांची, हेही दिसायला हवे ना?

ठरावबुक : हवेच. भूमिका ठरवण्याआधी मसुदा सगळ्यांना पाठवावा, मुदत द्यावी, ठरावात बाजूने किती, विरोधात किती ते लिहावे. मतभेद मोठा असेल तर निवेदनातच 'काही सभासदांचे मत वेगळे आहे' म्हणावे. त्याने बाजू कमकुवत होते अशी भीती असते. पण असंतुष्ट सभासद उद्या वेगळे पत्र घेऊन त्याच टेबलापाशी पोहोचला, तर जास्त नुकसान होते.

कागदाचा घाटही सांगतो, कारण इथे शब्दांचा प्रश्न पुन्हा येतो. 'साकडे' किंवा 'गाऱ्हाणे' असे मथळे नकोत. ते मागणाऱ्याला लाचार करतात आणि वाचणाऱ्याच्या हातात काही देत नाहीत. तीन रकाने करा : सध्याचा मजकूर, सुचवलेला मजकूर, कारण. 'हे कलम अन्यायकारक आहे' या वाक्याचे अधिकारी काही करू शकत नाही. '"सात दिवसांत"ऐवजी "एकवीस दिवसांत"' असे दिले की ते त्याला टिपणीत उचलता येते.

उपकलम : मग मसुदा असा करतो : 'संघटना सभासदांच्या वतीने हितप्रतिनिधित्व (लॉबिंग) करील, म्हणजे कायदा, नियम किंवा धोरण यांत बदल व्हावा वा होऊ नये यासाठी लोकप्रतिनिधी व अधिकारी यांच्याशी लेखी वा तोंडी संपर्क साधील. अशा प्रत्येक संपर्काची नोंद ठेवून ती प्रसिद्ध करील.' 'पारदर्शक' काढूनच टाकला.

कोशकीडा : छान. कंसातला 'लॉबिंग' ठेवा, नाहीतर नव्या सभासदाला अर्थ लागणार नाही. 'संपर्क साधील'च्या आधी 'स्वतः किंवा इतरांमार्फत' घाला. नाहीतर सल्लागार नेमला की तो व्याख्येतून सुटतो.

ठरावबुक : आणि 'प्रसिद्ध करील'ला मुदत नाही. आयर्लंडच्या २०१५ च्या कायद्यात चार-चार महिन्यांचे तीन कालखंड आहेत आणि प्रत्येक संपल्यावर विवरणपत्र द्यायला २१ दिवस. तुम्ही तिमाही ठेवा, पण तारीख लिहा. 'वेळोवेळी' लिहू नका. मराठी घटनांमध्ये 'वेळोवेळी'चा अर्थ 'कधीच नाही' असाच होतो.