डाळिंबाच्या खोडातले भुंगेरे कोणत्या महिन्यांत बाहेर पडतात?

प्रश्न : साक्रीकर
साक्री तालुक्यात जंगलाच्या कडेला आमची डाळिंबाची बाग आहे. काही झाडांच्या बुंध्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात, त्यांतून बारीक भुसा गळतो आणि त्याच झाडांच्या एकेका फांदीची पाने पिवळी पडून पुढे सगळे झाडच वाळते. छाटलेले लाकूड बांधावर रचून ठेवले आहे. हे भुंगेरे जंगलातून येतात का? फवारणी कधी करावी?

उत्तर : पांझराकाठ
भाऊ, लक्षणे शॉट होल बोररची (खोडाला बारीक छिद्रे पाडणाऱ्या भुंगेऱ्याची) आणि मर रोगाची वाटतात. जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरची मादी खोडात बोगदा पाडते आणि सोबत आणलेली बुरशी त्याच्या भिंतीवर वाढवते. अळ्या लाकूड न खाता त्या बुरशीवर पोसल्या जातात. मर रोगाची सेराटोसिस्टिस बुरशी मात्र वेगळी; ती या भुंगेऱ्यांबरोबर आणि भुशातून पसरतेच, शिवाय माती, पाणी व छाटणीच्या कात्रीवाटेही पसरते. थंड देशांत एल्म वृक्षाचे भुंगेरे हिवाळा सालीखाली अळीच्या रूपात काढून वसंतात उडतात, तसा ठरलेला महिना आपल्याकडे सापडत नाही. ऊब आणि ओल असेल तेव्हा एकामागून एक पिढ्या चालूच राहतात, म्हणून पावसाळ्याच्या आसपास विशेष लक्ष ठेवावे. आंबे बहारासाठी, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरच्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडून दिलेला ताण अति झाला, तर त्या काळातही सावध राहावे, कारण अशक्त झाडातून निघणारा अल्कोहोलचा वास या किडीला ओढून आणतो. मादी एकदा आत शिरली की वरची फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे गेरू, कीटकनाशक आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक यांचा लेप आधीच बुंध्याला लावावा, प्रमाण कृषी विज्ञान केंद्रातून विचारून घ्यावे.

उत्तर : सातपुडा
जंगलावर लगेच ठपका ठेवू नये. मध्य प्रदेशात मंडला-दिंडोरीकडे पहिल्या पावसाबरोबर बाहेर पडणारा सालवृक्षाचा भुंगेरा प्रसिद्ध आहे, पण तो शिंगांसारख्या लांब मिशांचा आणि लाकूडच पोखरणारा. शिवाय खानदेशच्या जंगलात साग, सालई, अंजन आहेत, साल नाही. मला बांधावरच्या लाकडाचीच अधिक काळजी वाटते. ते ओलसर असेपर्यंत आत पिढी वाढू शकते आणि तयार झालेल्या माद्या शेजारच्याच झाडावर उतरतात.

साक्रीकर :
मनापासून आभार. लाकूड उद्याच जाळतो. वाळलेली झाडे मुळासकट काढावीत का?

पांझराकाठ :
हो, मुळासकट काढा आणि तिथेच जाळा. ओढत नेताना माती व भुसा बागभर सांडतो. कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या (जंतुनाशकाच्या) द्रावणात बुडवा.