निपामचं जेल पांढरं निघतंय आणि ३७ ला आकसायच्या ऐवजी फुगतंय, कोणी सांगेल का?

सिडकोकर_एमएस्सी:
नमस्कार मंडळी, एमएस्सी लास्ट इयरला आहे, प्रोजेक्टला टेम्परेचर आणि पीएच दोन्हीला रिस्पॉन्स देणारं हायड्रोजेल घेतलंय. निपाम (एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलामाइड), त्यात १० मोल टक्के अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड, क्रॉसलिंकर म्हणजे साखळ्या एकमेकींना बांधायला बिसअ‍ॅक्रिलामाइड, आणि रिअ‍ॅक्शन सुरू करायला एपीएस-टीमेड (अमोनियम परसल्फेट आणि त्याला चालना देणारं अमाइन) टाकून लॅबमधे टेबलावरच सेट करते. लॅबला एसी नाही, पंखा आहे तो पण गरम हवा मारतो. तर झालंय असं की माझं जेल पांढरंशुभ्र निघतंय आणि सिनियरने डिसेंबरात केलेले तुकडे बाटलीत अजून काचेसारखे आरपार दिसतात, रेसिपी तीच! दुसरं म्हणजे सगळीकडे वाचलं की ३२ डिग्रीच्या वर हे आकसतं, पण पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरमधे ३७ ला ठेवलं तर टम्म फुगलं, आणि ०.१ नॉर्मल एचसीएलमधे मात्र छान आकसलं. कधी कधी तर सेटच होत नाही, रात्रभर पातळ. गाइड म्हणतात परत कर. व्हायवा तोंडावर आलाय, प्लीज हेल्प.

गंगापूररोड_पॉलिमर:
अगं डिसेंबरातलं नाशिक आणि आत्ताचं नाशिक यात फरक आहे की नाही 😄 दुपारी लॅबमधे ३५-३६ सहज असणार, म्हणजे साखळी बनता बनताच ३२ च्या वर आहे, त्यात रिअ‍ॅक्शन स्वतःची उष्णता सोडते ती वेगळीच. ३२ च्या खाली पाणी अमाइड ग्रुपला धरून असतं आणि आयसोप्रोपिलच्या भोवती शिस्तीत मांडून बसलेलं असतं, वर गेलं की ते पाणी सुटतं आणि साखळ्या एकमेकींना चिकटून गोळा होतात, त्या गोळ्यांवर उजेड विखुरतो म्हणून पांढरं. आणि त्याच अवस्थेत क्रॉसलिंक झालं तर आतली रचना तशीच गोळ्यागोळ्यांची राहते, नंतर थंड केलं तरी पूर्ण आरपार होईलच असं नाही. बर्फाच्या ट्रेमधे कर, रात्रभर थंडच राहू दे. हळू सेट होईल, होऊ दे.

आता ७.४ चं. तुझं जेल अगदी बरोबर वागतंय गं. अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे ग्रुप प्रोटॉन सोडतात तो) साधारण सव्वाचार-साडेचार, ७.४ ला जवळपास सगळे सीओओएच ग्रुप निगेटिव्ह झालेले, ते एकमेकांना ढकलतात आणि त्यांच्यासोबतचे सोडियम आयन पाणी आत ओढतात. १० टक्के म्हणजे इतका चार्ज की निपामचं आकसणं ३७ च्या खूप वर सरकतं. एचसीएलमधे चार्ज नाही, म्हणून आकसलं. पीएच ७.४ ला पण ३७ डिग्रीवर आकसायला हवं असेल तर अ‍ॅसिड कमी कर, ०, १, २, ५, १० अशी सिरीज काढ, ग्राफ पण भरेल. मी तुझ्या जागी असते तर सरळ टायटल बदललं असतं: जठराच्या आम्लात मिटलेलं, आतड्यात उघडणारं. हातात आलेला रिझल्ट चांगला आहे, तो कशाला लपवायचा.

अंबड_एमआयडीसी:
सेट न होण्याबद्दल बोलतो. अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड तसंच टाकतेयस का? मग सोल्युशन आंबट, टीमेडला प्रोटॉन चिकटतो आणि मग ते कामच करत नाही. आधी सोडियम हायड्रॉक्साइडने न्यूट्रल कर, थंडीत, हळूहळू, कारण तापतं ते. मग नायट्रोजन वीसेक मिनिटं सोड, ऑक्सिजन रॅडिकल खाऊन टाकतो. आणि एपीएसची बाटली कधीची आहे ते बघ, दमट झालेली पावडर म्हणजे निम्मी मेलेली. ग्लव्हज घालूनच काम कर, निपाम काय आणि बिस काय, मोनोमर अंगाला चांगले नाहीत. जेल झाल्यावर थंड डिस्टिल्ड वॉटरमधे दोन-तीन दिवस, पाणी बदलत धू.

निफाडचा_बागायतदार:
मधेच बोलतो, माफ करा. आमच्याकडे द्राक्षबागेत मुळाशी टाकायला हायड्रोजेल घ्या म्हणून दुकानदार मागे लागलेत, पाकिटावर लिहिलंय ४०० पट पाणी धरतं. हे तेच का?

अंबड_एमआयडीसी:
नाही दादा, भावकी एकच पण काम वेगळं. तुमचं पाणी साठवायचं, त्याला ३२ डिग्रीशी घेणं नाही. पुसा हायड्रोजेल म्हणून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने (आयएआरआय) काढलेलं आहे ते सेल्युलोजवर बेतलेलं, बाकी बरेचसे पोटॅशियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. पाकिटावरचे ४०० पट डिस्टिल्ड वॉटरमधले असतात. तुम्ही ड्रिपमधून कॅल्शियम नायट्रेट सोडत असाल, बोअर क्षाराचा असेल, तर कॅल्शियम दोन-दोन ग्रुप पकडून जाळी आवळतो आणि फुगणं फार कमी होतं. घ्यायच्या आधी एक एक ग्रॅम दोन भांड्यात घाला, एकात इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी, दुसऱ्यात तुमचं ड्रिपचं, सकाळी गाळून वजन करा. दुकानदारासमोरच करा.

निफाडचा_बागायतदार:
हे बेस सांगितलं 🙏

सिडकोकर_एमएस्सी:
थँक्यू थँक्यू, न्यूट्रल करतच नव्हते मी, रेसिपीत लिहिलंच नाहीये! अजून एक, ३७ वरून २५ ला आणल्यावर परत फुगायला दिवस दिवस लागतो. तुकडे सेंटीमीटरभर जाड आहेत.

गंगापूररोड_पॉलिमर:
तिथेच गोम आहे. फुगायचा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, तनाका आणि फिलमोर यांनी १९७९ लाच दाखवलंय, म्हणजे १० मिमीच्या ऐवजी १ मिमी घेतलंस तर वेळ शंभरपट कमी. आकसताना तर अजून वाईट, एकदम गरम पाण्यात टाकलं की वरची साल आधी घट्ट होते आणि आतलं पाणी कोंडतं, तेव्हा वजन घेतेस ते धड इकडचं ना तिकडचं. व्हायवाला हेस्किन्स आणि गिये यांचा १९६८ चा निपाम पॉलिमरवरचा पेपर विचारतील, ते काम सुट्या साखळ्यांच्या सोल्युशनवर होतं, आणि जेल एकदम आकसतं हे तनाकाचं १९७८ चं. दोन्ही एकात मिसळू नकोस, एक्सटर्नल तिथेच पकडतात.

सिडकोकर_एमएस्सी:
१ मिमी कापू कशाने पण? ब्लेडने चुरा होतो.

गंगापूररोड_पॉलिमर:
कापतेस कशाला, बायोटेकवाल्यांकडून पेज जेलच्या (प्रोटीन वेगळे करायला वापरतात त्या) काचा आणि १ मिमी स्पेसर मागून आण, काचा आधी फ्रीजमधे गार कर आणि त्यातच ओत. सेट झालं की कॉर्क बोररने चकत्या पाड. वजनाआधी फिल्टर पेपरने नुसतं टिपायचं, दाबायचं नाही.