घरी ४० लिटर पेट्रोल ठेवायचंय, कॅन कोणता घ्यावा आणि आणावं कसं?

चोपडा_शिवार
राम राम मंडळी. शेत आणि घर दोन्ही सातपुड्याच्या पायथ्याला, पेट्रोल पंप जाऊन-येऊन तीस किलोमीटर. पेट्रोलवरची यंत्रं तीन: केळीचा फवारणी पंप, गवत कापायचं मशीन आणि छोटा जनरेटर. मे-जूनच्या वादळात तारा तुटल्या की दोन-दोन दिवस लाईट येत नाही, तेव्हा बोअरची मोटर नि फ्रीज जनरेटरवरच चालतात. दर वेळी मोटारसायकलच्या टाकीतून नळीने पेट्रोल काढणं आता नको झालंय. घरात ४० लिटर असावं असा विचार आहे. बजेट १,५०० रुपये. ठेवायला विहिरीवरची पंपाची खोली आहे, पक्की, कुलपाची. मी जळगावला असतो, मळ्यावर आई-वडीलच. कोणता कॅन घेऊ?

केळीवाला_रावेर
चाळीस लिटरने काय होतं? २०० लिटरचा निळा ड्रम घे. माझ्याकडे आहे, भंगारवाल्याकडून घेतला, गोठ्याला लागून ठेवलाय. एकदा भरला की हंगामभर बघायला नको. आजपर्यंत काही झालं नाही.

शिरपूर_आबा
भाऊ, मन्हं आयक, पेट्रोलना नादच सोड. डिझेलना जनरेटर ले नि मोकया व्हय. मी घेतला तो अजून एका हाकेत सुरू होतो.

चोपडा_शिवार
आबा, बजेट १,५०० लिहिलंय. आणि जनरेटर घरात आहेच, नवा घ्यायचा नाही.

धुळे_गॅरेज
रावेरभाऊ, तो ड्रम आज रिकामा करा. डिझेलचं ऐकून पेट्रोलचं करू नका. डिझेल सहजी वाफ सोडत नाही, पेट्रोल उणे चाळीस अंशालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तिथे गोठ्याला लागून ठेवलेला ड्रम काय करत असेल? ही वाफ हवेपेक्षा जड असते. वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या चुलीपर्यंतही सरकत जाते.

चोपडाभाऊ, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात धोक्याची गोष्ट कॅन नाही, ती खोली आहे. विहिरीवरच्या खोलीत स्टार्टर असणार. लाईट आली की ऑटो स्विच कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा स्विच) ओढतो, तेव्हा आत ठिणगी पडते. रात्री अंधारात पेटीच्या फटीतून पाहा, निळसर चमक दिसेल. खाली वाफ साचलेली आणि वर ती ठिणगी, तेही घरात कोणी जागं नसताना. त्या खोलीत एक लिटरही ठेवू नका.

नवापूरकर
आम्ही तर पलीकडे गुजरातमध्ये जाऊन भरतो, उच्छलला. लिटरमागे चांगला फरक पडतो. चाळीस लिटर म्हणजे हिशोब करा किती वाचले.

अमळनेर_वकील
नवापूरकर, चोपड्याहून उच्छल किती लांब ते तरी बघा. वाचलेले पैसे गाडीच्याच टाकीत जातील.

मूळ मुद्दा. पेट्रोलियम कायदा १९३४, कलम ८: पेट्रोल विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत परवाना लागत नाही. भांडं घट्ट झाकणाचं, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. म्हणजे २०० लिटरचा ड्रम, मग तो निळा असो की लोखंडी, कायद्यात बसतच नाही. कलम ९ मध्ये एका जागी बसवलेल्या इंजिनच्या किंवा वाहनाच्या मालकाला टाकीतल्या इंधनाशिवाय १०० लिटरपर्यंत सवलत आहे, पण ते त्या इंजिनासाठीच हवं. इंजिनं कितीही असली तरी मर्यादा एकूण १०० लिटरच. आणि साठा ३० च्या वर गेला की तो वेगळ्या जागी हवा, माणसं राहतात किंवा काम करतात त्या खोलीत उघडणारी ती जागा नसावी.

केळीवाला_रावेर
कायदा शहरात. आमच्या गावात प्रत्येक दुसऱ्या घरी ड्रम आहे.

अमळनेर_वकील
त्यातले बहुतेक डिझेलचे असतील. डिझेलला एका जागी २,५०० लिटरपर्यंत परवाना नको, फक्त एकेक भांडं १,००० लिटरच्या वर नको. डिझेलची सवलत पेट्रोलला लागू होत नाही.

सावदा_ताई
तो जो नळीने काढायचा प्रकार लिहिलाय, तो आजपासून बंद करा दादा. मी आरोग्य केंद्रात काम करते. तोंडाने ओढताना एक घोट श्वासनलिकेत गेला की फुप्फुसाला सूज येते, आणि ती कधीकधी काही तासांनी वाढते. पेशंट आणतात तेव्हा घरच्यांनी मीठ-पाणी पाजून उलटी करवलेली असते. उलटी अजिबात करवायची नाही, वर येताना पेट्रोल पुन्हा फुप्फुसात जातं. थेट दवाखान्यात न्या. हाताने दाबायचा रबरी पंप हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो.

शिरपूर_आबा
आम्ही चाळीस वर्षं तोंडानेच काढलं. पण ताई म्हणते ते खरं, आता पोरांना करू देत नाही.

भुसावळ_जंक्शन
कॅन भरून भुसावळ-सुरत पॅसेंजरने आणायचा, सामानात कोण बघतंय?

अमळनेर_वकील
रेल्वे कायदा १९८९, कलम १६४. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि चोपड्याला रेल्वे स्टेशन नाही.

पारोळा_पॉवर
माझं मत, जनरेटर विका, इन्व्हर्टर घ्या. माझ्या घरी दोन बॅटऱ्यांचा आहे, फ्रीज रात्रभर चालतो.

चोपडा_शिवार
बोअरची मोटर इन्व्हर्टरवर चालते का?

पारोळा_पॉवर
मोटर नाही चालत. पण पाणी आधीच टाकीत भरून ठेवायचं.

यावल_शेतकरी
पेट्रोलमध्ये आता इथेनॉल घालतात त्याचं कोणीच बोललं नाही. माझ्या गाडीचं अॅव्हरेज पार उतरलंय. सरकारने आधी विचारायला पाहिजे होतं.

साक्रीचा_नाना
अॅव्हरेजचा धागा वेगळा आहे, तिकडे बोला.

धुळे_गॅरेज
नाना, विषय साठवणुकीशी लागतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात अर्धवट भरलेला कॅन, सैल झाकण, आत दमट हवा. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल त्याच्यासकट तळाशी बसतं आणि यंत्र नेमकं तेच आधी ओढतं. माझ्याकडे जूनमध्ये फवारणी पंप येतात ते निम्मे याच कारणाने. कार्बोरेटर खोलला की तळाला पाण्यासारखा थर आणि पांढरट गाळ. म्हणून साठा महिना-दीड महिन्यात वापरून टाका. जुना कॅन आधी रिकामा करायचा, मग नवा भरायचा. दोन स्ट्रोकच्या मशीनचं ऑइल मिसळलेलं पेट्रोल तर त्या दिवसापुरतंच करा.

भरताना: कॅन गाडीतून खाली उतरवून जमिनीवर ठेवा. पिकअपच्या हौद्यात प्लॅस्टिकची शीट असते, त्यावर ठेवून भरलं तर स्थिर वीज साचते. नोझलचं धातूचं तोंड कॅनच्या तोंडाला टेकलेलं राहू द्या. गळ्यापर्यंत भरू नका, वर मोकळी जागा ठेवा, उन्हात पेट्रोल फुगतं. आणताना कॅन उभा, दोरीने बांधलेला, उघड्या हौद्यात. बंद गाडीत, सीटमागे नको. घरी आल्यावर जनरेटर गरम असताना त्यात ओतायचं नाही.

नंदुरबार_नवखा
प्लॅस्टिकचा जाड कॅन चालेल का? वीस लिटरचा तेलाचा पडून आहे.

धुळे_गॅरेज
नाही. वकिलांनी कलम ८ चं सांगितलं त्यात प्लॅस्टिक नाही. पत्र्याचा घ्या.

साक्रीचा_नाना
पत्र्याचा वीस लिटरचा मिल्ट्री टाइप कॅन घ्या, लिव्हरच्या झाकणाचा. आमचा पंधरा वर्षं झाली, नुसता रबर वायसर बदलला. चांगला कॅन १,५०० मध्ये दोन येणार नाहीत, एकच घ्या.

केळीवाला_रावेर
एवढं सगळं करण्यापेक्षा रोज दोन लिटर आणलेलं काय वाईट?

सावदा_ताई
रावेरदादा, मग तुमच्या ड्रमचं काय?

केळीवाला_रावेर
पुतण्याला सांगितलंय, गोठ्यापासून हलवतो या आठवड्यात.

चोपडा_शिवार
सगळ्यांचे आभार. ठरवलं ते सांगतो. ४० लिटर नाही, फक्त २०, आणि तेही दहा-दहाच्या पत्र्याच्या दोन कॅनमध्ये. नाना, वीसचा स्वस्त पडतो हे मान्य, पण भरलेला कॅन कॅनच्या वजनासकट अठरा-वीस किलो होतो. मी नसताना तो उचलणार आई, आणि ओतताना तिच्या हातून निसटला तर सगळा खटाटोप वाया. बजेट वाढलं, त्याला इलाज नाही. विहिरीच्या खोलीचा नाद सोडला. बांधावर निंबाखाली, घर नि गोठ्यापासून दूर, विटांचा छोटा कप्पा बांधतोय. वर पत्रा, समोर जाळीचं दार, खालून हवा जाईल अशी भोकं. शेजारी वाळूची बादली. पावडरचं अग्निशामक पुढच्या महिन्यात.

धुळे_गॅरेज
खालची भोकं ठेवताय हे बरोबर. कप्प्याचं तोंड पश्चिमेला करू नका, दुपारचं ऊन सरळ कॅनवर येईल.

शिरपूर_आबा
तरी सांगतो, डिझेलच बरं होतं.

साक्रीचा_नाना
दहाचे कॅन महाग पडतात. वीसचा घेतला असता तर फनेलचे पैसे सुटले असते.

चोपडा_शिवार
नाना, फनेल जाळीवालंच घेतलंय, गाळ अडतो. कॅन ऑर्डर केले, शनिवारी येतील.

नंदुरबार_नवखा
दहाचा पत्र्याचा कॅन कुठून घेतला ते सांगा, मलाही एक पाहिजे.